बाहेरून कुलूप

आमच्या घरी पाहुण्यांसाठी दोन संडास होते आणि दोन्ही मी घासायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षी माझ्या डोक्यात जो राग शिरला तो तिथूनच शिरला. दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या मधल्या किनाऱ्यावर आमचं गाव. गावातल्या बऱ्याच वाड्यांनी तेव्हा रस्त्याला तोंड करून 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या लावल्या होत्या, तशी आमच्याही फाटकावर एक होती. बाबा रोह्याकडे कारखान्यात कामाला होते, शनिवारी घरी यायचे. बाकी सगळा कारभार आईचा. मागच्या पडवीच्या दोन खोल्या करून घेतल्या होत्या, त्यांना जोडून पांढऱ्याशुभ्र फरशीचे संडास-बाथरूम. मुंबई-पुण्याच्या लोकांना घर जुनं चालतं, संडास नवाच लागतो, असं आई म्हणायची आणि ते खरंच होतं.

सकाळी जाग यायची ती पंपाच्या आवाजाने. मग वाडीत कुठेतरी सुकलेली झावळी धप्पकन पडायची, तिच्यामागे कावळे ओरडायचे. चुलीवर आई भाकऱ्या थापत असायची. पाहुण्यांसाठी सुरमई, सोलकढी, कुणी आधी सांगितलं असेल तर उकडीचे मोदक, आणि आम्हाला कांद्यावर परतलेला जवळा किंवा वालाचं बिरडं. मला जवळाच जास्त आवडायचा, त्यामुळे त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भाकरीचा वास घरभर पसरलेला असताना मी हातात ब्रश घेऊन त्या पांढऱ्या फरशीवर ओणवी असायचे. नळ, आरसा, साबणाची नवी वडी, दाराची चकचकीत पितळी मूठ, सगळं पुसून झालं की आई एकदा डोकावून जायची आणि मगच मला शाळेसाठी सोडायची. आणि मग मी शाळेत जायचे, जिथे दिवसभर मला लघवीला जाता यायचं नाही.

शाळा आठवीपर्यंतची. शिक्षणहक्काचा कायदा तेव्हा नवा होता आणि गावात त्याचं नाव सगळे घ्यायचे, पण त्याचा अर्थ एवढाच कळला होता की आता मुलांना नापास करत नाहीत. कायद्यात शाळेला काय काय असलं पाहिजे तेही लिहिलेलं होतं. कुंपण, खेळायला जागा, पुस्तकं, प्यायचं पाणी, स्वयंपाकाची खोली, आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह. तसं आमच्या शाळेत बांधलंही होतं. निळी फरशी, पत्र्याचं दार, भिंतीवर दोन वेण्या घातलेली, हातात पाटी धरून हसणारी मुलगी रंगवलेली, आणि तिच्या डोक्यावर 'मुली' असं लिहिलेलं. दाराला बाहेरून कुलूप. चावी हेडसरांच्या खणात. आत पाणी नव्हतं, साफ करायला माणूस नव्हता, आणि मुली घाण करतील म्हणून ते बंद ठेवलेलं बरं, असं हेडसरांचं मत होतं. तालुक्याहून कुणी येणार असलं की कुलूप निघायचं, ते लोक गेले की पुन्हा लागायचं.

त्याआधी शाळेमागे करवंदीची आणि निवडुंगाची दाट जाळी होती, तिथे मुली जोडीजोडीने जायच्या, एकीने बाहेर उभं राहायचं. पण त्या वर्षी ती जागा कुणीतरी घेतली, जाळी तोडली आणि तिथे दुमजली रिसॉर्ट उभं राहिलं. त्याच्या सज्जात बसून लोक चहा प्यायचे आणि खाली थेट आमच्या शाळेची मागची भिंत दिसायची. मुलगे तरीही त्या भिंतीशी जायचे. आम्ही कुठे जाणार? मधल्या सुट्टीत घरी जायला परवानगी नव्हती. आम्ही पाणी प्यायचं सोडलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, ठरवलं नाही, सगळ्या मुलींनी आपापलं सोडलं. दुपारच्या खिचडीनंतर घसा कोरडा पडायचा, तर एक घोट तोंडात फिरवून थुंकून टाकायचा. आता मी स्वतः शिक्षिका आहे, आणि वर्गात एखादी मुलगी पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी नेते का, यावर माझं बारीक लक्ष असतं. सहकारी म्हणतात, तुम्हाला कसल्या कसल्या गोष्टी दिसतात. दिसतात खऱ्या.

प्रमिला माझ्या बाकावरची. डोंगरवाडीतून यायची, तास-सव्वा तास चालून. आम्हाला शाळा सुटली की पळत घरी जाता यायचं, तिला नाही. ती पहाटे कोरा चहा पिऊन निघायची आणि संध्याकाळी घरी जाऊनच पाणी प्यायची. तिचे वडील धोंडूकाका भाताची शेती करायचे आणि उन्हाळ्यात आमच्या वाडीत नारळ पाडायला यायचे, त्यामुळे तिची-माझी ओळख शाळेच्याही आधीची. खो-खोत तिला कुणी शिवू शकत नसे. हेडसरांची नक्कल ती अशी करायची, चष्मा कपाळावर चढवून आणि ओठ मुडपून, की आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. हसताना मध्येच ती पोट धरून खाली बसायची. आम्हाला वाटायचं हसून हसून दुखतंय. "जास्त हसवू नका गं, मला जायला लागंल," असं म्हणायची, आणि त्यावर आम्ही आणखीच हसायचो.

मग ती यायची बंद झाली. ताप येतोय म्हणाले, मग थंडी वाजून ताप येतोय म्हणाले, मग एक दिवस धोंडूकाका आमच्या फाटकाशी आले आणि आईला म्हणाले, पोरीला अलिबागला नेतोय, लघवीतून रक्त जातंय. नेलं ते बरं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडाला सूज आहे, अजून उशीर केला असता तर कठीण होतं. पाणी किती पितेस असं त्यांनी तिला विचारलं, तेव्हा तिने खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी धोंडूकाकांकडे बघितलं आणि धोंडूकाकांनी जमिनीकडे. हे काकांनी स्वतः आईला नंतर सांगितलं. त्यांना कुठे ठाऊक होतं? जो कुणाची पर्वा न करता शेताच्या बांधावर जातो, त्या माणसाला मुलीच्या शाळेत असं काही असतं हे कसं सुचणार?

नेमकं त्याच सुमारास शाळेचं मूल्यमापन ठरलं. तालुक्याहून तिघं येणार, सगळे निकष बघणार आणि शाळेला श्रेणी देणार. हेडसर आमच्या घरी आले ते दोन कामं घेऊन. एक म्हणजे साहेबलोकांचं जेवण आमच्याकडे, सुरमई आणि मोदक, झकास झालं पाहिजे. आणि दुसरं, आईने चांगली साडी नेसून शाळेत येऊन बसायचं, कारण ती शाळा व्यवस्थापन समितीवर होती. आई म्हणाली, कसली समिती? तेव्हा कळलं की वर्षभरापूर्वी पालकसभेत चहा देताना तिची सही घेतली होती ती त्यासाठी. "काही करायचं नसतं, वहिनी. विचारलं तर हो म्हणायचं," असं हेडसरांनी समजावलं. आईने प्रमिलाचा विषय काढला. त्यावर ते ओटीवरच्या झोपाळ्याला हलका झोका देत म्हणाले, "मुलींनी पाणी प्यायला नको का? आम्ही किती वेळा सांगायचं?"

मी दाराच्या आड होते. माझ्या हातात पाहुण्यांच्या बाथरूमची बादली होती. ती मी त्यांच्या अंगावर ओतली असती तर पुढे काय झालं असतं, याचा विचार मी आयुष्यात पुष्कळदा केला आहे.

मूल्यमापनाच्या दिवशी सकाळी आम्ही सहावी-सातवीच्या मुली विहिरीवरून कळश्या भरून आणत होतो. कशासाठी? तर त्या स्वच्छतागृहात नवा निळा पिंप ठेवला होता, तो भरायला. कुलूप निघालं होतं. आत फिनेलचा वास येत होता, कोनाड्यात साबण होता, आरसासुद्धा होता. पिंप भरून झाल्यावर हेडसर म्हणाले, आज कुणी आत जायचं नाही, साहेब गेल्यावर बघू. आम्ही डोक्यावरून पाणी वाहिलं आणि दारातच थांबलो. माझ्यापुढच्या मुलीने मान वाकवून आरशात स्वतःला बघितलं तेवढंच.

तिघं आले. दोन साहेब आणि एक मॅडम. मॅडम वयाने आईएवढ्या, सुती साडी, पायात साध्या चपला. त्यांच्याच हातात सगळा कारभार होता. मला गुलाबाचं फूल द्यायला उभं केलं होतं, म्हणून मी ऑफिसच्या दाराशीच होते आणि सगळं ऐकलं. मॅडम एकेक बाब विचारत होत्या, हेडसर 'आहे' म्हणत होते. कुंपण आहे. अपंग मुलांसाठी उतार आहे. पुस्तकं आहेत. भिंतीला टेकून समितीच्या चार बायका बसल्या होत्या, आई टोकाला, तिची अंजिरी साडी नेसून. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, असं मॅडमनी वाचलं आणि वापरात आहे ना, असं विचारलं. हेडसर हो म्हणाले. मॅडमनी बायकांकडे बघितलं. तिघींनी माना हलवल्या.

"न्हाय," आई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नाही. हेडसर हसले आणि म्हणाले, वहिनींना प्रश्न कळला नाही. आई म्हणाली, कळला. मग तिने बसल्या जागेवरूनच सगळं सांगितलं. कुलूप, चावी, पोरींनी सोडलेलं पाणी, सकाळी भरलेला पिंप, आणि अलिबागला दवाखान्यात पडलेली प्रमिला. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, पदर सारखा बोटाला गुंडाळत होती, पण मध्ये थांबली नाही.

मॅडमनी दोन्ही साहेबांना पुस्तकं बघून या म्हणून बाहेर पाठवलं. मग चष्मा काढून त्या आईला म्हणाल्या, "ताई, हे मला आल्या आल्याच कळलं होतं. फरशी बघून कळतं. पण मी हे लिहिलं तर शाळेची श्रेणी खाली जाते. पट आधीच कमी आहे. पुढच्या वर्षी शाळाच बंद करा म्हणतील. मग ह्या मुली कुठे जाणार?"

मला वाटलं, संपलं. त्या बाई वाईट नव्हत्या, हे मी तेव्हाही ओळखलं आणि आजही मानते, आणि म्हणूनच त्यांच्यावरचा माझा राग जात नाही. ज्या कायद्याने शाळेला जाब विचारायचा, त्याच कायद्याची भीती घालून त्यांनी जाब विचारणाऱ्या बाईलाच गप्प केलं होतं. शाळेत खोट असली तर शिक्षा कुणाला? हेडसरांना नाही, खात्याला नाही. मुलींना.

"शाळा बंद करायला कायदा हाय," आई सावकाश म्हणाली, "मंग कुलूप उघडायला कुठला कायदा न्हाय का?"

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, आहे. तुम्ही समितीवर आहात. शाळेचा कारभार कसा चालतो यावर लक्ष ठेवायचं काम समितीचं. चावी कुणाकडे राहील, साफसफाई कोण बघेल, हे तुम्ही ठरवून सांगायचं, आणि ते मुख्याध्यापकांनी ऐकायचं. हे कुणी सांगितलं नाही का तुम्हाला? चारही बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हेडसरांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, पुढच्या सभेत विषय घेऊ, आता साहेबांची जेवायची वेळ झाली.

आई उठली आणि त्यांच्या टेबलासमोर जाऊन हात पुढे केला. "चावी द्या. मंग पानं वाढते."

त्यांना आधी गंमत वाटली. वहिनी, जेवणावर कशाला राग, वगैरे म्हणाले. आई हात तसाच धरून उभी. आमचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आणि तळलेल्या सुरमईचा वास वाऱ्यावर ऑफिसात येत होता. दोन्ही साहेब पुस्तकं बघून परत आले, त्यांना काय चाललंय ते कळेना. हेडसरांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तेव्हा त्यातला जाडा साहेब घड्याळाकडे बघत म्हणाला, अहो देऊन टाका ना चावी, कसली आहे ती, भूक लागली. आणि हेडसरांनी खण उघडून चावी दिली.

ही गोष्ट गावात पुष्कळ वर्षं हसून सांगितली जायची. आईने सुरमईवर कुलूप उघडलं म्हणायचे. मला त्यात कधी हसू आलं नाही. कायदा होता, निकष होते, त्यासाठी तिघं माणसं सरकारी जीपने आली होती, एक मुलगी मरता मरता वाचली होती, आणि शेवटी चावी मिळाली ती एका माणसाला भूक लागली म्हणून. जेवताना त्याने दोनदा मोदक मागून घेतले. मॅडम फारसं काही जेवल्या नाहीत. निघताना त्यांनी आईचा हात हातात घेतला, पण कागदावर त्यांनी 'उपलब्ध' असंच लिहिलं, कारण निकषात तेवढंच विचारलं होतं.

आता मी शिकवते तिथे हे सगळं मोबाइलवर भरायचं असतं. स्वच्छतागृहाचा फोटो काढून टाकायचा. फोटो बाहेरून काढतात, रंगवलेली भिंत छान दिसेल असा. मी आत जाऊन काढते तेव्हा आमचे मुख्याध्यापक म्हणतात, मॅडम, एवढं कशाला.

चावी मिळाल्यावर समितीच्या चौघींनी साफसफाईच्या पाळ्या लावून घेतल्या. आमच्या वाडीतल्या विहिरीवरून काळा पाइप शाळेच्या कुंपणापर्यंत टाकला. बाबा शनिवारी आले तेव्हा पाहुण्यांना पाणी कमी पडेल म्हणून कुरकुरले. आईने त्यांना जेवायला वाढलं. पाइप राहिला. पहिल्या दिवशी मुलींची रांग लागली, गरज असलेल्या आणि नसलेल्याही. मधल्या सुट्टीत मी तांब्याभर पाणी प्यायले, उगाचच, पोट टम्म होईपर्यंत.

प्रमिला तोवर घरी आली होती. पुढच्या रविवारी आई आणि मी डोंगरवाडीला गेलो. सारवलेल्या अंगणात ती खाटेवर बसली होती, गुडघे वर घेऊन, चेहरा एवढासा झालेला. आईने तिच्यासाठी शहाळी नेली होती. धोंडूकाकांनी कोयत्याने एक शहाळं तासून तिच्या हातात दिलं. आईने त्यांना सगळं सांगितलं, चावी आता आमच्याकडे आहे, पाणी आहे, रोज धुतात, पोरीला पाठवा. काका म्हणाले, "वैनी, तुम्ही केलंत ते चांगलं केलंत. पन माजा आता इस्वास न्हाय."

आई त्यांची समजूत घालत होती. तेवढ्यात प्रमिलाने शहाळं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आतून कडी हाय का गं?"

मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे. आम्ही दोघींनी ते दार किती वेळा उघडलं-लावलं होतं. मुली आत गेल्या की आपापसात एकीला बाहेर उभी करायच्या, जाळीत जायच्या तेव्हाच्या सवयीने, त्यामुळे आतल्या कडीचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नव्हती. बांधणाऱ्याने बाहेर कोयंडा बसवला होता, कुलपासाठी, आणि आत काही नाही. ते बांधकाम पास करणाऱ्यांनी बघितलं नाही, हेडसरांनी नाही, मॅडमनी नाही, आईनेही नाही.

"न्हाय," मी म्हटलं.

प्रमिलाने मान हलवली, जशी एखादी गोष्ट आधीच ठाऊक असावी तशी, आणि पुन्हा शहाळं उचललं. उतरताना आई झपझप पुढे चालत होती. वाटेत सुताराच्या घरी थांबली, आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत कडी लागली होती. डोंगरवाडीला निरोपही गेला. पण काकांनी प्रमिलाला तिच्या मावशीकडे पनवेलला पाठवलं होतं, मावशीचं बाळ सांभाळायला. तिची सातवी कधीच पुरी झाली नाही. पुढे ती मला एका लग्नात भेटली, कडेवर मूल, आणि हेडसरांची नक्कल करून दाखव म्हटलं तर म्हणाली, कोण हेडसर?

श्रेणी आली ती दिवाळीच्या सुट्टीआधी. आम्हाला 'अ' मिळाला. शाळेत पेढे वाटले, हेडसरांचा तालुक्याला सत्कार झाला, त्यात त्यांनी मुलींच्या स्वच्छतेबद्दल भाषण केलं असं आमच्याच वर्गाच्या बाई कौतुकाने सांगत होत्या. दर्शनी भिंतीवर पेंटर बोलावून अक्षर काढून घेतलं, लाल रंगात, माझ्या उंचीएवढा 'अ', सोनेरी कडेचा. शाळा सुटल्यावर मी बाहेर आले तेव्हा पेंटर ब्रश ठेवून चहा प्यायला गेला होता. रंग ओला होता. मी दप्तर खाली ठेवलं, दोन्ही तळवे त्या अक्षरावर टेकवले आणि जोर लावून खालपर्यंत ओढले.

कुणी बघितलं नव्हतं. पळत घरी आले. आई चुलीपुढे होती. तिने माझे हात बघितले. रॉकेलचा बोळा घेऊन बसली आणि एकेक बोट धरून पुसत राहिली, नखांच्या कडासुद्धा. पुसून झाल्यावर म्हणाली, "जा, साबणानं धू. आणि पानी पी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरने तो 'अ' पुन्हा काढला होता, आधीपेक्षा मोठा.